नाताळची घाई कोणाला?

दिवाळीचा फराळ डब्यातून संपावयाचा असताना नाताळाचा विषय काढणे औचित्याला धरून नाही, हे मला समजते. पण ही वेळ मी निवडलेली नाही. भाऊबीज होऊन चार दिवस उलटत नाहीत तोच आमच्या सातिवलीच्या नाक्यावरील दुकानांत आकाशकंदील खाली उतरतात आणि त्याच खिळ्यांना तांबड्या टोपीचे, कापसाच्या दाढीचे म्हातारे लटकू लागतात. मागे एकदा मी दुकानदाराला म्हटले, "अहो, अजून तुळशीचे लग्न लागायचे आहे, आणि तुम्ही आमचा नाताळ काढून बसलात!" तो हसून म्हणाला, "आजी, माल आधी लावावा लागतो." त्याचे काही चुकले नाही. माल आधी लावावाच लागतो. सणही आधी लावता येतो असे ज्यांना वाटू लागले आहे, त्यांच्याशी माझे भांडण आहे. आणि ती मंडळी दुकानात नाहीत, आमच्याच ख्रिस्ती घरांत आहेत.

मी वसईच्या पश्चिमेकडची. केळीच्या वाडीत वाढले, प्राथमिक शाळेत मुलांना मराठी शिकविण्यात उमेदीची वर्षे घालविली, आणि उतारवयात मुलाच्या नोकरीपायी रुळांच्या पूर्वेला राहावयास आले. वसई म्हणजे किल्ला, सुकेळी आणि चर्चच्या घंटा, एवढेच ज्यांनी ऐकले आहे त्यांना सातिवली ओळखू यावयाची नाही. इकडे पत्र्याच्या छपरांचे गाळे आहेत, लेथ आहेत, प्लास्टिकचे साचे आहेत, हमरस्त्यावरून अखंड धावणारे ट्रक आहेत. आणि या सगळ्या गलबल्याच्या मागे तुंगारेश्वराचा डोंगर शांतपणे बसलेला आहे. आमच्या इमारतीत वसईकर ख्रिस्ती अशी दोनच घरे. त्याखेरीज एक मल्याळी कुटुंब, एक झारखंडकडील उराव जोडपे आणि तळमजल्यावरची तामिळ बाई. बाकीची बिऱ्हाडे कोकणातली, खानदेशातली, उत्तरेकडची. जे काही मी भांडते आहे ते या इमारतीतील मुलांसाठी.

बिगरख्रिस्ती वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. आमच्या पंचांगात नाताळाच्या आधी चार रविवारांचा एक काळ आहे. त्याला आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळ, त्या रविवारी तो लागतो. त्यामुळे त्याची लांबी दरवर्षी कमीअधिक होते. २०२२ साली तो २७ नोव्हेंबरला लागला आणि पुरे चार आठवडे मिळाले. २०२३ साली ३ डिसेंबरला लागला, आणि चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरलाच येऊन पडला, म्हणजे सकाळी आगमनकाळ आणि रात्री नाताळ! या काळात धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रे असतात, फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी चालतात. रविवारच्या मिस्सातले गौरवगीत गाळले जाते, ते एकदम नाताळच्या रात्री पुन्हा ऐकू येते. वाचने यशया संदेष्ट्याची असतात, आणि रानात राहून टोळ व मध खाणाऱ्या योहानाची. सहाव्या शतकात आजच्या फ्रान्समध्ये संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करण्याची शिस्त होती. आमच्या शेजारची मल्याळी मावशी आजही १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मासळी-मटण शिवत नाही. तिच्या घरचा नाताळ नेमका कधी उजाडतो हे तिच्या मुलांना कॅलेंडर न पाहता कळते. त्या सकाळी जिन्यात मटणाचा वास येतो.

आणि आम्ही काय करतो? पहिल्या रविवारी झाड उभे. दुसऱ्या आठवड्यात केक. शाळेची सुट्टी लागण्याआधी शाळेत नाताळची मेजवानी. वीस तारखेपर्यंत सगळी गाणी कान किटेपर्यंत ऐकून झालेली. पंचवीसला दुपारी जेवून झोपावयाचे आणि सव्वीसला तारा उतरवावयाचा. वास्तविक आमचा सण पंचवीसला सुरू होतो आणि तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत, चालतो. जुनी माणसे हे बारा दिवस पाहुण्यांना करंज्या आणि कलकल वाढण्यात घालवीत. आता आम्ही लग्नाआधी पंगत उठवतो आणि अक्षता पडावयाच्या वेळी मांडव सोडावयास घेतो. याला उत्साह म्हणावयाचे असेल तर म्हणोत. मला तो भूक लागण्याआधी जेवणाऱ्याचा अजीर्ण झालेला उत्साह वाटतो.

यात पैशाची गोष्ट आहे, आणि ती कोणी बोलत नाही. इकडच्या कारखान्यांतून बोनस मिळतो तो दिवाळीला. ख्रिस्ती कामगाराच्या हातीही तो तेव्हाच पडतो, आणि शाळेची फी, मागची उधारी, गावचे घर यांत नोव्हेंबर संपण्यापूर्वी जिरून जातो. कंत्राटावर असलेल्यांना तर तेवढेही नाही. अशा वेळी दुकानांच्या काचांतून दीड महिना आधीपासून नाताळ झगमगू लागला की मुलांच्या मागण्याही दीड महिना आधी सुरू होतात. दिव्यांचे झाड हवे, टोपी हवी, शाळेच्या कार्यक्रमाला दाढीसकट सगळा पोशाख हवा. आमच्याच मजल्यावरील एका बापाने त्या पोशाखासाठी उसने पैसे काढले. तो पोशाख अंगावर पाऊण तास होता, आणि पोराच्या मानेवर घामोळे उठले ते निराळे. नाताळची घाई श्रीमंताच्या घरी हौस म्हणून येते, गाळ्यात राबणाऱ्याच्या घरी ती कर्ज होऊन येते. आगमनकाळाला पै लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

परदेशी असलेल्या माझ्या भाचीने एका डिसेंबरात नातवंडांसाठी पुठ्ठ्याची सुरेख पेटी धाडली. तिला चोवीस दारे. प्रत्येक दाराआड एक चॉकलेट. रोज एक दार उघडावयाचे की चोवीस दिवसांनी नाताळ. माझ्या नातवाने पहिल्या संध्याकाळी चार दारे उघडली. तिसऱ्या दिवशी पेटी रिकामी झाली आणि तिचे त्याने गॅरेज केले. मी त्याला रागावले नाही. जिच्या पोटात रोजचे बक्षीस भरलेले आहे ती पेटी मुलाला वाट पाहावयास शिकवील तरी कशी? ती त्याला लाच देऊन गप्प बसविते. शिवाय तिचे पहिले दार उघडावयाचे ते नेहमी १ डिसेंबरला. आगमनकाळ सत्तावीसला लागला की तीनला, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

या पेटीचे मूळ मात्र साधे आणि गोड आहे. जर्मनीतील घराघरांतून पूर्वी दारावर खडूने चोवीस रेघा ओढीत, आणि मुले रोज एक रेघ पुसून टाकीत. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या गेऱ्हार्ड लांग नावाच्या गृहस्थाने अशी दिनदर्शिका छापली. त्याच्या लहानपणी त्याच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस छोटी बिस्किटे लावून त्याला दिवस मोजावयास शिकविले होते. चॉकलेट त्यात पुष्कळ नंतर शिरले. मला खडूची रीत अधिक आवडते. माझ्या पेशाचा पक्षपात म्हणा. पण रेघ पुसली की हातात काही येत नाही, फक्त एक दिवस कमी होतो. आणि मूल उरलेल्या रेघांकडे पाहते. त्या पाहण्यात आगमनकाळ आहे.

मुलांना आता थांबवत नाही, असे एक बाई मला परवाच म्हणाल्या. सातिवलीत राहून असे म्हणणे म्हणजे कमाल झाली. आमची मुले थांबण्यात पटाईत आहेत! उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरसाठी हंडे लावून थांबतात. दुसऱ्या पाळीवरून बाप येईल म्हणून रात्री अकरापर्यंत जागी राहतात आणि शेवटी पाटीवर डोके ठेवून झोपतात. शाळेच्या गाडीसाठी, विजेसाठी, आईला सुट्टी मिळेल म्हणून थांबतात. पण मराठीत ताटकळणे हा एक शब्द आहे आणि वाट पाहणे हा दुसरा. ताटकळताना माणसाचे मन आटत जाते, कारण येणारे येईलच याचा भरवसा नसतो. वाट पाहणाऱ्याला भरवसा असतो, म्हणून तो तोवर घर झाडतो, दिवा लावतो, चुलीवर आधण ठेवतो. आमच्या मुलांचे ताटकळणे आम्हांला टाळता येत नाही, ती आमच्या हातातली गोष्ट नाही. परंतु वर्षातून चार आठवडे त्यांना खरीखुरी वाट पाहावयास देणे आमच्या हातात आहे, आणि नेमके तेच आम्ही घाईघाईने त्यांच्याकडून काढून घेत आहोत.

याचा एक जुना दाखला आहे. हॅम्बुर्ग शहरात योहान हिनरिख विखेर्न नावाचा धर्मसेवक दरिद्री, वाऱ्यावर पडलेल्या मुलांसाठी आश्रम चालवीत असे. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलांनी त्याला भंडावून सोडले. तेव्हा १८३९ साली त्याने गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान तांबड्या मेणबत्त्या बसविल्या, आणि रोज संध्याकाळी प्रार्थनेला एक एक लावावयास सुरुवात केली. आज जगभरच्या चर्चमधून चार मेणबत्त्यांचे जे हिरवे कडे दिसते, ते या चाकाचे वंशज आहे. बाजारात आता ते कडे तयार मिळते; हिरवा प्लास्टिकचा पाला, वर बर्फ म्हणून थर्माकोलचा चुरा. बर्फ आणि सातिवली! विखेर्नने नवे चाक घेतले नव्हते, जुनेच वापरले होते. ही गोष्ट आम्ही विसरलो. आमच्या अंगणात काय पडलेले असते? डिसेंबरात प्रत्येक घराच्या माळ्यावर दिवाळीच्या पणत्या असतात. बांबूच्या कामटीचे कडे, त्याला नारळीची झावळी गुंडाळलेली, त्यात चार पणत्या: एका रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन. तेल घरचे, वात कापसाची. मी गेली काही वर्षे हेच करते.

यावर आमच्यापैकी काही जाणत्या मंडळींनी नाके मुरडली. पणती म्हणजे हिंदूंची, असे एका स्नेह्यांनी मला गंभीरपणे समजावून दिले. मी त्यांना विचारले, वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतल्यावर आमच्या चर्चची घंटा नाशिकला गेली आणि नारोशंकराच्या देवळावर चढली. ती तेथे वाजताना अडखळते काय? पितळेला धर्म नाही तर मातीला कोठून आला? उलट बाजूचेही एक गृहस्थ भेटले. त्यांचे म्हणणे, हे आगमनकाळ वगैरे सारे साहेबाचे खूळ. मराठी माणसाला त्याचे काय? या दोघांनाही माझे उत्तर एकच आहे, आणि ते चारशे वर्षांपूर्वी छापलेले आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली राचोलला त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. पुराणे सुटल्यामुळे चुकल्याचुकल्यासारखे झालेल्या नवख्रिस्ती लोकांना त्याने त्यांच्याच छंदात ख्रिस्ताची कथा दिली, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण ग्रंथाची मांडणी पाहावी. त्याची दोन पुराणे आहेत. ख्रिस्ताचे चरित्र दुसऱ्यात येते. पहिले सगळे पुराण जगाच्या उत्पत्तीपासून त्याची वाट पाहणाऱ्यांचे आहे, आणि ते ग्रंथाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठे आहे! हजारो ओव्या झाल्या तरी बाळ जन्माला येत नाही. ऐकणाऱ्याला त्याने हवे तेवढे थांबविले, आणि ऐकणारे थांबले. आगमनकाळ मराठीत कसा असतो असे जो विचारील, त्याला मी हे पहिले पुराण दाखवीन.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार येथेच नोंदविते. आमच्या लहानपणी वेदीवरची भाषा लॅटिन होती आणि घरची प्रार्थना मराठी. १९६३ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने उपासनेत लोकभाषांना दार उघडले आणि मिस्सा मराठीत आला. आम्हां शिक्षकांना केवढा आनंद झाला! आज गंमत अशी झाली आहे की चर्चमध्ये मराठी आहे आणि घरातून ती गेली. मुले इंग्रजी शाळेत. घरी प्रार्थनाच होत नाही, आणि झाली तर इंग्रजीत, पाठ केलेली. पणती लावताना माझी नात रोज एक वाक्य स्वतःचे बोलते. "देवा, पप्पांना उद्या दिवसपाळी मिळू दे." कोणत्याही पुस्तकात नसलेली ही मराठी प्रार्थना तिला आगमनकाळाने दिली. दुकानातली गाणी तिला एवढे देऊ शकली नसती.

आता गोठ्याविषयी. बेथलेहेमचा गोठा घरात मांडण्याची चाल संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावी रुजविली असे मानतात. आमच्याकडे तिला आमचे रूप आले. आमच्या वाडीत मळणी झाल्यावर पेंढ्याला तोटा नसे. आई एक रिकामी गव्हाण मांडून ठेवी. ज्याने दिवसभरात एखादे चांगले काम केले असेल, कोणाशी न भांडता राहिला असेल, त्याने रात्री तीत एक काडी टाकावयाची. बाळाला मऊ लागले पाहिजे ना! काडी टाकण्याचा हक्क मिळविण्यासाठी आम्ही भावंडे आपसात कडाक्याने भांडत असू, हा भाग वेगळा. सातिवलीला पेंढा कोठचा? जेथे भात होते तेथे गाळे उभे आहेत. पण माझ्या नातवाने मार्ग काढला. काचसामान बांधताना खोक्यात भरतात ती कागदाची बारीक कातरण शेजारच्या गाळ्याबाहेर पडलेली असते. ती तो पिशवीभर घेऊन आला. आमच्या गव्हाणीत आता पुठ्ठ्याच्या रंगाचा पेंढा असतो, आणि बाळाला तो टोचत असेल असे मला वाटत नाही.

गव्हाण चोवीसच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामीच ठेवावयाची. याबाबत मी फार हट्टी आहे. तयार गोठे विकत मिळतात त्यांत बाळ गोंदाने आधीच चिकटविलेले असते. महिनाभर ते तेथे पडून असते, मग पंचवीसला नवीन काय घडले? रिकामी गव्हाण पाहून इमारतीतली सगळी मुले विचारतात, "आजी, बाळ कुठाय?" मी सांगते, "वाटेत आहे. त्याच्या आईबापांना अजून जागा मिळाली नाही." खानदेशातल्या बिऱ्हाडाचा मुलगा एकदा चटकन म्हणाला, "डिपॉझिट नसेल." त्याच्या बापाने खोलीसाठी किती उंबरे झिजविले ते त्या पोराने पाहिले होते. त्याला बेथलेहेमची गोष्ट मी पुढे समजावून सांगितली नाही.

शाळांना मला एक विनंती करावयाची आहे. नाताळचा कार्यक्रम जानेवारीत, सुट्टीनंतर घ्या. आमचा सण सहा तारखेपर्यंत जिवंत असतो. डिसेंबरात काही हवेच असेल तर ६ डिसेंबर आहे, तो संत निकोलसचा दिवस. ज्या चौथ्या शतकातील बिशपच्या दातृत्वाच्या कथांवरून पुढे तांबड्या टोपीचा म्हातारा तयार झाला, तोच हा. तो लपून देई, असे त्या कथांत आहे. घंटा वाजवीत आणि छायाचित्रे काढून घेत नव्हे. त्याच तारखेला आमच्या इमारतीतील दोन कुटुंबे पहाटेच चैत्यभूमीला निघतात, आणि त्यांच्या डब्यात चपात्यांबरोबर माझ्याकडचे काही ना काही जाते. मुलांना त्या दिवशी टोपी देण्याऐवजी असे कोणाला तरी गुपचूप काही द्यावयास शिकविले, तर पोशाखाचा खर्च वाचेल आणि घामोळेही उठणार नाही.

राहिली नाचणी. गोठ्याभोवती शेत दिसावे म्हणून आमच्याकडे पसरट डब्यांतून नाचणी किंवा गहू पेरतात. माझ्या मुलांनी ही विद्या दिवाळीच्या किल्ल्यावर शिकून घेतली होती. तेथे अळीव पेरतात, येथे नाचणी, फरक तेवढाच. पेरावयाची ती १४-१५ डिसेंबरला. पहिल्यापहिल्याने मुले डबा तासातासाने उकरून पाहतात. मग एका सकाळी हिरवी लव दिसते आणि ती ओरडत जिन्यातून धावतात. ज्यांना फारच घाई असते ती डिसेंबर लागताच पेरतात, आणि नाताळपर्यंत त्यांचे शेत पिवळे पडून आडवे होते.

अडचण मातीची आहे. आमच्या इमारतीभोवती सगळीकडे फरशी आणि सिमेंट. कुंडीची माती विकत घ्यावी तर तिचा भाव ऐकून नाचणीच खाऊन टाकावी असे वाटते. परंतु दुसऱ्या मजल्यावरील मुलांनी यंदाही खाली किल्ला केला आहे, वसईचाच, बुरुजांसकट. त्यांच्या आईला मी आजच सांगून ठेवले आहे की किल्ला मोडाल तेव्हा माती टाकू नका, दोन घमेली मला ठेवा. ती म्हणाली, "आजी, पोरं म्हणताहेत माती देऊ, पण पेरायला आम्हीपण येणार." तेव्हा या वर्षी डबे चार लागतील असे दिसते.